आईची केमो आणि मामांनी आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी २५ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आमची हळदीची शेती आहे. माझी आई ४८ वर्षांची. तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. रिपोर्टात ईआर पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी आहे. लाल औषधाच्या चार केमो झाल्या आणि आता दर मंगळवारी पॅक्लिटॅक्सेल चालू आहे. बारापैकी सहा झाल्या. नंतर बरीच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी घ्यावी लागेल असं डॉक्टर म्हणाले.

गेल्या महिन्यात मामांनी एक व्हिडिओ पाठवला. हळदीतलं कर्क्युमिन आणि ग्रीन टीतलं द्रव्य कॅन्सरमुळे बंद पडलेली जनुकं पुन्हा चालू करतात, यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात, आणि डॉक्टर लोक हे सांगत नाहीत, असं त्यात आहे. मामांनी दोन बाटल्याही आणून दिल्या. एकीत ९५ टक्के कर्क्युमिन आहे, पिपरीन घातलेलं, ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, दिवसातून चार. दुसरीत ग्रीन टीचा अर्क. आई तीन आठवड्यांपासून घेतेय. हॉस्पिटलमध्ये सांगितलेलं नाही, कारण तिथे ओरडतील. तिला बोटांना मुंग्याही येतात. आता ती म्हणते, राहिलेल्या केमो नकोत. "अगं, ह्या हळदीनं तुमची शिक्षणं केली, घर बांधलं. ती काय मला मारंल व्हय?" मला काय बोलावं सुचलं नाही. व्हिडिओतलं खरं आहे का? कॅप्सूल चालू ठेवाव्यात का? तुमच्या मुलीसारखी समजून सांगा.

उत्तर:

बाळा,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. दोन्ही बाटल्या आजपासून बंद. फेकू नकोस. पिशवीत घाल आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेव. भाजी-आमटीतली हळद चालू दे, आईला रात्री चिमूटभर हळद घातलेलं दूध आवडत असेल तर तेही दे. केमो आपल्या मनानं थांबवायची नाही. आणि बोटांच्या मुंग्यांबद्दल मंगळवारची वाट न बघता हॉस्पिटलमध्ये फोन करून सांग. पत्रात तू ही गोष्ट एका ओळीत, जाता जाता लिहिली आहेस. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्याकडे परत येतेच.

आता व्हिडिओ. मी तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं. त्यातलं सगळं खोटं आहे असं सांगून मला तुझी सुटका करता येणार नाही. सुरुवात खरी आहे. पुढे कुठेतरी वाट चुकते, आणि ती नेमकी कुठे चुकते हे तुला कळलं तर आईशी आणि मामांशीही बोलता येईल.

आपल्याकडे जुन्या घरांत पोथ्या बासनात बांधून ठेवायचे. पोथीतलं एक अक्षरही बदललेलं नसतं, पण बासन घट्ट बांधून माळ्यावर टाकलं की ती असून नसल्यासारखी. जनुकांचंही असंच आहे. आपल्या प्रत्येक पेशीत तीच पोथी आहे. डोळ्याच्या पेशीत एक अध्याय उघडा असतो, यकृताच्या पेशीत दुसरा, बाकीचे बांधलेले. हे बांधणं दोन तऱ्हांनी होतं. डीएनएवर ठरावीक जागी मेथिल नावाचा रासायनिक गट चिकटला की तो भाग सहसा वाचला जात नाही. शिवाय डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. त्या प्रथिनांवर अ‍ॅसिटिल गट असेल तर गुंडाळी सैल राहते, तो काढला की घट्ट होते. अक्षर न बदलता वाचन बदलणाऱ्या या साऱ्या खुणांना एपिजेनेटिक खुणा म्हणतात.

कॅन्सरमध्ये ही बांधाबांध बिघडते. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी, डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकं नको तेव्हा बासनात जातात. स्तनाच्या काही गाठींमध्ये बीआरसीए१ हे जनुक शाबूत असतं, पण त्यावर मेथिलचा थर चढून ते गप्प झालेलं असतं. उलट, जे बांधलेलं असायला हवं ते दुसरीकडे सुटतं. कॅन्सरच्या पेशींत कित्येक जनुकांवरचा मेथिल निरोगी पेशींपेक्षा कमी असतो, हे फाइनबर्ग आणि फोगेलस्टाइन यांनी १९८३ सालीच दाखवलं होतं. म्हणजे एकाच पेशीत काही बासनं जास्त घट्ट, काही सुटलेली. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

झाडातल्या द्रव्यांचं काय? तीही या खुणांना हात लावतात, हे खरं आहे. २००३ साली अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांवर ग्रीन टीतलं ईजीसीजी नावाचं द्रव्य घातलं. मेथिल चिकटवणारं विकर (एन्झाइम) त्यानं अडवलं आणि वाढीला लगाम घालणाऱ्या पी१६सारखी गप्प बसलेली जनुकं पुन्हा बोलू लागली. कर्क्युमिन, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, ब्रोकोलीतलं सल्फोराफेन यांवरही असे प्रयोग झालेत. व्हिडिओवाल्यांनी हे कुठून तरी वाचलेलं असणार. ही शास्त्रज्ञांची लबाडी नाही, चांगलं काम आहे.

पण ते बशीत झालं. पेशी तळाशी पसरलेल्या, औषध थेट त्यांच्या अंगावर ओतलेलं, मध्ये ना आतडं ना यकृत. चहा पिऊन रक्तात जितकं ईजीसीजी येतं त्याच्या कितीतरी पट बशीत होतं.

हळदीचा हिशोब तर तुला तोंडपाठ असायला हवा, तुझ्या घरचंच पीक आहे. वाळवून, पॉलिश करून, दळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के. आमटीत अर्धा चमचा घातली, म्हणजे दीड ग्रॅम धर, तर ४०-५० मिलिग्रॅम. मामांच्या एका कॅप्सूलमध्ये जवळजवळ ४७५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम हळदीतलं कर्क्युमिन. अशा चार कॅप्सूल म्हणजे साठ ग्रॅम. पाऊण वाटी हळद दिवसाला कुणी खातं का? म्हणून आईला सांग, बाटलीत आहे ती आपली हळद नव्हे. हळदीतून काढून घट्ट केलेलं एक रसायन आहे, आणि त्याला औषधाचेच नियम लागतात.

एवढं पोटात घालूनही रक्तात जवळपास काही पोचत नाही. रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं तरी रक्तात ते जेमतेम सापडतं. कारण आतड्याची भिंत आणि यकृत मिळून त्याचा लगेच निकाल लावतात. त्यात कर्क्युमिन पिवळंधमक, चमकणारं आणि नाना प्रथिनांना चिकटणारं असल्यानं प्रयोगशाळेतली मोजमापंही फसवतं. २०१७ साली काही रसायनतज्ज्ञांनी त्यावरच्या १२०हून अधिक मानवी चाचण्यांचा लेखाजोखा मांडला. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही न कळू देता, तुलनेला खोटी गोळी देऊन केलेल्या चाचण्यांपैकी एकही यशस्वी ठरलेली त्यांना दिसली नाही.

तरी हा विषय मिटलेला नाही, आणि तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून हेही सांगते. आर्मेनियात स्तनाचा पुढे गेलेला कॅन्सर असलेल्या १५० बायकांवर एक चाचणी झाली, २०२० साली ती प्रसिद्ध झाली. दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलसोबत निम्म्यांना कर्क्युमिन शिरेतून दिलं. त्या गटात गाठ आकसलेल्या बायकांचं प्रमाण जास्त निघालं, ५१ टक्के विरुद्ध ३३ टक्के. मात्र ते शिरेतून होतं, मोजून होतं, डॉक्टरांच्या नजरेखाली होतं आणि वेगळ्या टप्प्यावरच्या रोगासाठी होतं. त्यावरून बाटलीतल्या कॅप्सूलची बाजू घेता येत नाही. पण उद्या चांगल्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि निकाल चांगला आला तर मला मनापासून आनंद होईल.

माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर उदाहरण तुझ्या मिसळणाच्या डब्यात आहे. मोहरीचा दाणा नुसता तोंडात धर, काही तिखट लागत नाही. तीच मोहरी लोणच्यासाठी पाणी घालून फेसायला घे. दोन मिनिटांत नाकात झणका जातो, डोळ्यांत पाणी येतं. दाण्यात एक द्रव्य एका कप्प्यात असतं आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात. फेसताना कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि झणका तयार होतो. तो आधी नव्हता, आपण तो घडवला. ब्रोकोली चिरताना, चावताना अगदी हेच होतं आणि सल्फोराफेन बनतं. कोबी, मुळा ही याच कुळातली. भाजी आधीच खळखळून उकळली तर विकर मरतं आणि ते फारसं बनत नाही. २००७ साली अमेरिकेत तीन निरोगी माणसांना ब्रोकोलीचे ६८ ग्रॅम मोड खायला दिले. अ‍ॅसिटिल काढणाऱ्या विकराचं काम त्यांच्या रक्तातल्या पेशींत तीन तासांत मंदावलेलं दिसलं. खाल्लेल्या भाजीनं माणसाच्या पेशीतली गुंडाळी हलते, हे बघून मी तेव्हा वर्गात मुलांना तो लेख वाचून दाखवला होता. पण ती निरोगी माणसं होती, तीनच होती आणि परिणाम काही तासांचा होता. त्यांच्यात कुणाची गाठ नव्हती, त्यामुळे कुणाची बरीही झाली नाही.

आणि जिथे वनस्पतींचा असा परिणाम पुरेशा प्रमाणात रोजच्या रोज घडतो, ती जागा मोठं आतडं. ज्वारीच्या भाकरीतला, डाळी-उसळीतला चोथा तिथले जंतू आंबवतात आणि ब्युटिरेट तयार करतात. तेही अ‍ॅसिटिल काढणारी विकरं अडवतं, आणि आतड्याच्या पेशींना ते भरपूर मिळतं. आईला सोसेल तसं भाकरी, वरण, शिजवलेली उसळ देत राहा. पण मोड आलेली कच्ची कडधान्यं, ब्रोकोलीचे कच्चे मोड, गव्हांकुरांचा रस, उघड्यावरचे कापलेले सॅलड हे केमो संपेपर्यंत नको. पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातले जंतू महागात पडतात. रोज अंडं, दूध, डाळ पोटात जाऊ दे.

आता मला जी वाट चुकलेली दिसते तिच्याकडे येते. गप्प बसलेली जनुकं जागी करायची हीच जर युक्ती असेल, तर त्यासाठी मुद्दाम घडवलेली औषधं आहेत, आणि ती डॉक्टरांनी लपवलेली नाहीत. अ‍ॅझासायटिडीन चेकोस्लोव्हाकियात १९६४ साली बनवलं गेलं. ते मेथिलच्या खुणा पुसतं हे १९८०मध्ये कळलं आणि अमेरिकेत २००४ साली त्याला मान्यता मिळाली, ती अस्थिमज्जेच्या एका आजारासाठी. अ‍ॅसिटिलच्या बाजूनं काम करणारं व्होरिनोस्टॅट २००६ साली आलं, ते त्वचेतल्या एका लिम्फोमासाठी, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरसाठी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये या वाटेनं मिळालेलं यश अजून तोकडं आहे. पुढे गेलेल्या रोगात संप्रेरकाच्या गोळीसोबत देण्यासाठी टुसिडिनोस्टॅटला चीननं २०१९मध्ये मान्यता दिली, एवढं नाव घेता येईल. मघाशी लक्षात ठेव म्हटलं ते इथे लागतं. या औषधांना कुठलं बासन सोडायचं नि कुठलं नाही हे निवडता येत नाही. शुद्ध, मोजलेलं, शिरेत किंवा पोटात ठरल्या मात्रेनं दिलेलं औषध जिथे एवढं अडखळतं, तिथे रक्तातही न पोचणाऱ्या कॅप्सूलवर आईच्या सहा केमो पणाला लावायच्या का?

रक्तात पोचत नाही तर मग नुकसान तरी काय, असं मामा विचारतील. त्या पिपरीनमुळे नुकसान आहे. पिपरीन म्हणजे मिरीतला, पिंपळीतला तिखटपणा. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर ते रक्तात वीस पट पोचतं. कॅप्सूल बनवणारे मोठ्या अभिमानानं हे डब्यावर छापतात. पण पिपरीन हे कसं करतं? बाहेरचं रसायन मोडून काढणारा यकृताचा कारखाना ते मंदावतं. आणि आईचं पॅक्लिटॅक्सेलही त्याच यकृतात मोडलं जातं. तो कारखाना मंदावला तर औषध अंगात ठरल्यापेक्षा जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहू शकतं. पॅक्लिटॅक्सेल जास्त झालं की काय होतं? बोटांच्या नसा दुखावतात, मुंग्या येतात.

आईच्या मुंग्या कॅप्सूलमुळेच आहेत असं मी म्हणत नाही. पॅक्लिटॅक्सेलनं त्या एरवीही येतात. पण सहाव्या डोसला बोटं बधिर होत असताना यकृताच्या वाटेत आणखी एक अडथळा आपण स्वतःच्या हातानं ठेवायचा नसतो. आणि डॉक्टरांना तर हा अडथळा माहीतच नाही.

पुढच्या टॅमॉक्सिफेनचंही ऐकून ठेव. ही गोळी यकृतात जाऊन एन्डॉक्सिफेन बनते, आणि खरं काम मुख्यतः तेच करतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये २०१९ साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ रुग्णांना कर्क्युमिन दिलं, तर एन्डॉक्सिफेन कमी झालं. पिपरीनसह दिलं तेव्हा सुमारे १२ टक्क्यांनी. उंदरांवरच्या एका प्रयोगात, २००२ साली, खाण्यातल्या कर्क्युमिननं सायक्लोफॉस्फामाइडचा गाठीवरचा परिणाम कमी केला होता, आणि हे औषध आईच्या लाल औषधाच्या जोडीला नेहमी दिलं जातं. एका ठिकाणी औषध वाढण्याची भीती, दुसरीकडे घटण्याची. म्हणून मी फार कडक आहे याबाबतीत.

यकृताची आणखी एक बाजू आहे. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या गटानं हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतला एक दगावला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलं की अर्काच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतलं तर यकृताचे आकडे चढू शकतात. कपातला ग्रीन टी वेगळा, बाटलीतला अर्क वेगळा. आईच्या पुढच्या रक्ततपासणीत बिलिरुबिन आणि एसजीपीटी हे यकृताचे आकडे बघायला सांग.

हे मी जवळून पाहिलंय. वॉर्डात राऊंडला एका बाईंचे यकृताचे आकडे दोन आठवडे चढलेले. डोस पुढे ढकलला, परत ढकलला. कावीळ नाही, दारू नाही, कारण सापडेना. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या सुनेनं मला जिन्यात गाठलं आणि पदराखालून एक बाटली काढून दाखवली. "सासूबाईंनी शपथ घातली होती," म्हणाली आणि रडायला लागली. बाटली थांबली, आकडे उतरले, डोस सुरू झाला. ती बाई आमच्यापासून लपवत होती कारण महिन्याभरापूर्वी आमच्यातल्याच कुणीतरी तिला झाडपाल्यावरून सगळ्यांसमोर झापलं होतं. तो दोष आमचा होता. म्हणून तुला सांगते, ओरडतील या भीतीनं गप्प राहू नकोस. आत गेल्यावर आधी बाटल्या टेबलावर ठेव आणि एवढंच म्हण, "डॉक्टर, आई हे तीन आठवडे घेत होती, आम्ही थांबवलंय. पुढचा डोस देण्याआधी काही तपासायला हवं का?" कुणी ओरडलंच तर ऐकून घे आणि उत्तर घेतल्याशिवाय उठू नकोस.

आता आईशी काय बोलायचं. ती चूक बोललेली नाही. ज्या पिकानं तिच्या हातांना वर्षानुवर्षं पिवळं ठेवलं, ज्याच्यावर घर उभं राहिलं, त्याच्यावर तिचा विश्वास असणारच. त्या विश्वासाला धक्का लावू नकोस. तिला झाडावरच विश्वास ठेवायचा असेल तर तिच्या सलाईनच्या बाटलीत जे आहे ते झाडच आहे, हे सांग.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलात यू नावाचं एक संथ वाढणारं झाड आहे. १९६२ साली त्याची साल तपासायला गोळा केली. नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी त्या सालीतून एक द्रव्य वेगळं केलं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच पॅक्लिटॅक्सेल. हे वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारात १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले. पॅक्लिटॅक्सेल पेशीत नेमकं काय करतं हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९मध्ये उलगडलं. पेशी दोन होताना आतले जे सांगाडे उभे राहतात आणि मोडतात, ते हे द्रव्य मोडूच देत नाही, म्हणून पेशीचं विभाजन अडकतं. मान्यता मिळायला १९९२ उजाडलं, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी १९९४. सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रवात घालून देतात. त्या द्रवाची काहींना अ‍ॅलर्जी येते, म्हणून सलाईन लावण्याआधी आईला ती दोन-तीन इंजेक्शनं देत असतील. यूची साल आणि एरंडाचं तेल! आईला हे सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघ.

वॉल आणि वाणी यांनीच १९६६मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य काढलं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे, इतकं की त्यापायी नरक्याची चोरटी तोड झाली. सदाफुलीतून व्हिनक्रिस्टीन हे केमोचं औषध आलं. तेव्हा डॉक्टर झाडातलं औषध लपवतात, हे व्हिडिओतलं म्हणणं टिकत नाही. झाडातल्या द्रव्याची मात्रा ठरवायला, ते कुठे पोचतं, काय मोडतं हे बघायला ज्यांनी आयुष्य दिलं त्यांचं फळ आई दर मंगळवारी घेते आहे. कर्क्युमिनची ती वाट अजून चालून झालेली नाही.

आणि केमो सोडायचं म्हणते आहे, त्यामागे माझ्या मते हळद नाही, बोटं आहेत. तिला विचार, पण "मुंग्या येतात का" असं नको, त्याला ती "येतात थोड्या" म्हणेल. ब्लाउजची बटणं लावायला वेळ लागतो का? सुईत दोरा ओवता येतो का? भाकरी थापताना पीठ हाताला कळतं का? चपला पायातून कधी निसटून गेल्या आणि कळलं नाही असं झालं का? रात्री पायांची आग होते का? उत्तरं कागदावर लिही, तारखेसह, आणि डॉक्टरांना वाचून दाखव. बधिरपणा किती आहे त्यावरून ते डोस कमी करतात, एखादा आठवडा सोडतात, क्वचित औषधच बदलतात. हे रोजचं आहे त्यांच्यासाठी. पण सांगितलंच नाही तर पूर्ण डोस जात राहतो आणि नसा इतक्या दुखावू शकतात की केमो संपल्यावरही बधिरपणा उरतो. तोवर चुलीपाशी, गरम पाण्यापाशी तिला सांभाळ, आणि शेतात अनवाणी जाऊ देऊ नकोस. ताप १००.४च्या वर गेला तर मात्र वेळ बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं.

केमो सोडली तर काय, हा प्रश्न तिनं विचारला तर घाबरवू नकोस, पण खोटंही बोलू नकोस. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली, नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यांच्या मृत्यूचा धोका उपचार घेणाऱ्यांच्या पाच पटींहून जास्त निघाला. आईचं तसं नाही, तिचं ऑपरेशन झालंय, अर्ध्याहून जास्त केमोही झाली आहे. म्हणून तो आकडा तिला जसाच्या तसा लागू नाही. पण राहिलेल्या सहांचं काय करायचं हे बोटांची परीक्षा करून डॉक्टरांबरोबर ठरू दे, बाटलीच्या भरवशावर नको.

राहिले मामा. बहिणीसाठी काहीतरी करावं म्हणून तळमळणारा भाऊ आहे तो. बाटल्या परत केल्या की त्यांचे हात रिकामे होतील, ते रिकामे ठेवू नकोस. त्यांना सांग, "मामा, दर मंगळवारी आईला तुम्ही घेऊन चला, आत डॉक्टरांशीही तुम्हीच बोला." व्हिडिओ पाठवण्याची ऊर्जा सलाईनजवळच्या खुर्चीवर चार तास बसण्यात जाऊ दे. बहिणीला घरून डब्यात मऊ भात नि वरण आणायचं कामही त्यांच्याकडे दे, कुणाला तरी ते हवंच आहे.

फोन आजच कर. आणि पुढच्या पत्रात मला लिही, आईला ब्लाउजची बटणं लावता येतात का ते.